भांडणाच्या आधीचा ष्टांप

(कुरुंद्याच्या रुक्मिणबाई हळदीची पाकिटं भरता भरता बोलत गेल्या. त्यांचं बोलणं होईल तितकं तसंच ठेवलं आहे.)

बसा ताई, तिथं न्हाई, तिथं हळद सांडलीय, पिवळ्या व्हसाल आन घरी गेल्यावर लोक इचारतील कुणाच्या लग्नाला गेलत्या. ह्या बाजंवर बसा. च्या ठिवते. सांगते ना, समदं सांगते, पर मला एका वळीत सांगता येत न्हाई, मी मधीच कुठंबी जाते. आमचे हे म्हणतात, हिनं गोष्ट सांगायला घेतली की म्हैस पाण्यात बसल्यावानी व्हतं, कवा उठंल भरोसा न्हाई. तर मी लांब गेले की मला वढून आणा.

मी मूळची डोंगरकड्याची. तिकडं केळी लई. लहानपणी आमी केळीच्या बागंत लपाछपी खेळायचो, आन लगीन झालं ते ह्या हळदीच्या गावात. माझी मावळण म्हणजे बापाची भैन, ती म्हणली व्हती, पोरीचं नशीब बघा, हिच्या अंगाची हळद काय आता जल्मभर उतरत न्हाई. खरंच न्हाई उतरली. ही नखं बघा. साबण लावा न्हाईतर राकेल लावा, पिवळी ती पिवळीच. सातवीपातूर शाळा झाली माझी, मंग बाप म्हणला बास, तोंड तर वकिलावानी चालतंय, अजून काय शिकायचं राहिलं.

आता घरात कोण कोण ते सांगते. सासू म्हणजे आमच्या आत्याबाई, सोनाबाई नाव. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांचे दोन लेक, थोरले ते आमचे हे आन धाकटे माझे दीर. मी आले त्याच्या माघून दोन-तीन सालांनी धाकटी जाऊ आली, शोभा, पुसेगावची. बारावी झालेली. मी कशी, फटाकडी, वाजले की संपले. ती कशी, चुलीतला निखारा, वरून राख, हात लावला की कळतं. आमचं पहिलं साल काय धड गेलं न्हाई ताई. मी म्हणायची हिला लई शिकल्याचा तोरा हाय, आन ती म्हणायची, हे तिनंच मला माघून सांगितलं, का अक्का सासूपेक्षा जास्त सासूपणा करतात. आत्याबाई दोघींचं ऐकून घ्यायच्या, आन कुणाचीच बाजू न घेता दोघींला कामाला लावायच्या. उकडलेली हळद वाळत घालायला पाठवायच्या. उन्हात दोघी जणी दिसभर हळद पसरायलो, पाय भाजायलेत, तवा मंग भांडायला ताकद कुठून आणायची. हसायलाच येतं शेवटी.

तर हळद. हिथं ज्याला त्याला हळद, आन समदी इकायला जाती बसमतच्या मोंढ्यात. पर आत्याबाई दर साली चांगली लांब, भरलेली हळकुंडं निवडून घरापुरती ठेवायच्या. ती आमी घरी कुटायचो, पाव्हणा आला की चिमूटभर पुडीत द्यायचो. पुडी गेली की त्याच्या शेजारणीचा निरोप यायचा, आमाला काहून न्हाई. शोभा एक दिस म्हणली, अक्का, आपुन सोयऱ्याधायऱ्याला फुकट वाटून राहिलो, जरा इकून तर बघू. मी म्हणलं, घरची हळद इकायची म्हणजे लोक काय म्हणतील. ती म्हणली, लोक म्हणतील किती देऊ.

असं झालं. बचत गटातून कांडप मशीन आणलं. आमच्या ह्यांनी पत्र्याचं शेड मारून दिलं. मी बोलायची, शोभा तोलायची. गिऱ्हाईक माझं आन काटा तिचा. गावात, बाजारात बाया म्हणायल्या, जावांची हळद आणली का. नाव आमी ठिवलंच न्हाई बघा, लोकांनीच ठिवलं. दोन जावा भांडत न्हाईत ह्याचंच लोकांला नवल, हळदीचं माघून.

हां, कायद्याचं इचारलं व्हतं तुमी. आलेच तिकडं.

नांदेडच्या एका मोठ्या दुकानदारानं हळद बघितली, वास घेतला, म्हणला पाकिटं करून द्या, मी ठेवतो. पर लायसन पायजे, पाकिटावर नाव-पत्ता पायजे, बिल पायजे. आमी एकमेकीच्या तोंडाकडं. मंग कळलं का हिंगोलीला बायांच्या धंद्यासाठी शिबिर हाय, तिथं वकील मॅडम येणार हायेत. दोघी गेलो. मला वाटलं वकील म्हणजे काळा कोट, मोठा आवाज. तर ही मॅडम माझ्या भाचीएवढी, बारीकशी, डब्यात मेथीची भाजी आणलेली. पर काय बोलायची ताई! सोप्पं करून सांगायची. म्हणली, खायची चीज इकायची तर आधी फूड लायसन. पाकिटावर वजन, भरल्याची तारीख, पत्ता, लायसनचा नंबर. धंद्याचं बँक खातं येगळं, घराचं येगळं. नाव चांगलं असंल तर ते आपल्या नावावर करून घ्या, न्हाईतर दुसराच कुणी त्याच्या पाकिटावर छापून मोकळा. मी माना डोलवायली. आन मंग मॅडमनं आमच्याकडं बघून इचारलं, तुमच्या दोघींमधी काय लिव्हलेलं हाय?

मी तर हसलेच. म्हणलं, मॅडम, आमी जावा हाव, एका चुलीवर जेवतो, आमच्यात काय लिव्हायचं. मॅडम हसली न्हाई. म्हणली, मशीन कुणाच्या नावावर? म्हणलं माझ्या. शेड? आमच्या ह्यांच्या जागंत. लायसन कुणाच्या नावानं काढणार? म्हणलं माझ्याच, मी थोरली. मॅडमनं शोभाकडं बोट केलं, मंग ही कोण? मी म्हणलं अशी कशी कोण, अर्धा धंदा हिचा हाय. मॅडम म्हणली, ते तुमाला दिसतंय, मला दिसतंय, पर कागदाला तुमचं भैनीवानी वागणं दिसत न्हाई. उद्या देव न करो, तुमी न्हाईत, न्हाईतर तुमचं वाजलं, तर ही बाई शेडमधून नुसता पदर झटकून बाहीर निघंल. मशीनबी न्हाई आन नावबी न्हाई.

परत येताना यष्टीत शोभा खिडकीकडं तोंड करून बसली. ती गप बसली का मला भ्या वाटतं. औंढ्याच्या पुढं आल्यावर म्हणली, अक्का, एक सांगू का? शाळेच्या दाखल्यावर माझं नाव हाय, त्याच्या माघून कुठंच न्हाई. रेशन कार्डावर हाय पर ती यांची बायको म्हणून. मला ह्या धंद्यात माझं नाव पायजे. तुमच्यावर भरोसा न्हाई म्हणून न्हाई. पायजे म्हणून पायजे. तिचे डोळे भरले व्हते ताई, आन ही रडणारी बाई न्हाई, हिनं माहेरून सासरी येतानाबी फक्त नाक शिंकरलं व्हतं. मला असं भरून आलं, मी म्हणलं, येडे, मला काय इचारतीस, लिव्हू की. तुझं नाव आधी लिव्हू, माझं माघून. ती म्हणली न्हाई, तुमी थोरल्या. लगीच आमचं भांडण, कुणाचं नाव आधी. कंडक्टर वळून बघायला.

मॅडमनं कच्चा मजकूर लिव्हून दिला, म्हणली घरी वाचा, एक जागा मोकळी ठेवलीय ती ठरवा, आन पक्का कागद करायला ष्टांप पेपर घेऊन या. झालं. आमी दोघी बसमतला गेलो, ष्टांप घेतला, नीट पिशवीत ठिवला, वर भेंडी ठिवली, आन काळीपिवळीत बसून घरी निघालो. चूक काय झाली म्हणताल, तर हीच झाली.

आता तुमी शहरातल्या, तुमाला सांगावं लागंल. आमच्या हिकडं जमीन घेतली न्हाईतर इकली तर ष्टांप, पर त्याला बाप्ये जातात. एका घरातल्या दोन जावा जोडीनं ष्टांप घेताना दिसल्या तर त्याचा गावात एकच अर्थ व्हतो. वाटणी! आन तिथं ष्टांपवाल्याच्या फुडं आमच्या गल्लीतला दगडूबापू उभा व्हता, त्यानं आमाला बघितलं, राम राम केला आन बाजूला होऊन फोन लावला. आमाला वाटलं सुनंला भाजी इचारायला असंल.

गावात उतरलो तर पारावरचे मानसं गप झाले. एक म्हातारा डोळ्याला पटका लावायला. मी शोभाला म्हणलं, कोण गेलं गं? घराकडं वळलो तर अंगणात ही गर्दी. भावकी बसलेली. माझा दादा डोंगरकड्याहून फटफटीवर आलेला, तोंड उतरलेलं. मला वाटलं आत्याबाई गेल्या. मी पिशवी टाकली, आत्याबाई गं म्हणून अशी बोंब ठोकली, तर आतून आवाज आला, मेले न्हाई अजून, मेहरबानी तुमची.

आत जाऊन बघते तर काय सांगू ताई तुम्हाला, आत्याबाई पाट्यावर बसलेल्या. ज्यानं वाटण वाटतात तो पाटा. लेकराचा पाय चुकून त्याला लागला तर पाया पडायला लावणारी बाई, ती सोता त्याच्यावर मांडी घालून बसली व्हती. म्हणली, सुना दोन हायेत आन पाटा एक हाय, बघते कोण नेती. मी उठत न्हाई.

बाहीर ओट्यावर दोघं भाऊ. ह्या टोकाला आमचे हे, त्या टोकाला माझे दीर. ह्यांला वाटायलं धाकट्यानं वाटणी मागितली, त्यांला वाटायलं थोरल्यानं मागितली, आन दोघंबी मनातल्या मनात म्हणायलेत, एवढा भाऊ, एका शब्दानं इचारलं न्हाई. इचारलं तर कळलं असतं ना! पर न्हाई, बाप्ये मानसं फुगून बसायला एक नंबर. आन समद्यात वरताण म्हणजे सदा मिस्तरी. हातात सूत आन ओळंबा. म्हणतो कसा, वैनी, तुमचं चालू द्या, भिंत कुठून घ्यायची तेवढं दाखवा, मी माप घेऊन जातो.

माझा तिळपापड झाला. मी म्हणलं कोण म्हणलं वाटणी? भावकीतले एक आजा म्हणले, बसमतला ष्टांप घेतला का न्हाई? म्हणलं घेतला. दोघीच गेलत्या? म्हणलं दोघीच. मंग? असं मंग म्हणून त्यांनी टोपी नीट केली, जसा काय खटला जितला. मी म्हणलं अवो धंद्याचा कागद हाय तो, भागीदारीचा. आजा म्हणले, लेकी, ष्टांप ह्यो ष्टांपच असतोय, जावांच्या मधी आला का चूल फुटली.

तवा आत्याबाई आतून बोलल्या. म्हणल्या, मला कुणी सांगू नका ष्टांप काय असतोय. माझ्या येळंला आला व्हता. मी आन माझी जाऊ गयाबाई, आमी बी एका ताटात जेवायचो. भावाभावात बांधावरून वाजलं, तुमचे मामंजी आन माझे थोरले दीर, बसमतहून ष्टांप आला, आन आठ दिस न्हाई झाले तर अंगणात ही भिंत. भिंतीच्या तिकडून बाई हाक मारायची, सोने, वाटी घे गं. मी ह्या बाजूनं हात वर करायची. हात दिसायचा, तोंड दिसायचं न्हाई. भिंतीवरून वाट्या जायच्या, यायच्या. मंग दोघी म्हाताऱ्या झालो, खांदे धरले, हात वर पुरंना, तवापासून तेबी बंद. आता तुमच्यात तसंच करा, आन मला ह्या पाट्यावरच मरू द्या.

ती भिंत ताई, तुमच्या माघं हाय तीच. गयाबाई तिकडं जित्या, आत्याबाई हिकडं जित्या, मधी दीड हात जाडीची भिंत. मी म्हणायची, आत्याबाई, आता मामंजी न्हाईत, त्यांचे थोरले भाऊबी न्हाईत, रस्त्यानं फिरून जा की भेटायला. तर म्हणायच्या, बोलावल्याबिगर कसं जावं.

मी फटाकडी, वाजून मोकळी झालते. तवा शोभानं काय करावं, पिशवीतली भेंडी बाजूला केली, मॅडमनं दिलेला कच्चा मजकूर काढला आन पाट्याच्या फुडं जमिनीवर बसली. म्हणली, आत्याबाई, मी वाचते, तुमी ऐका, येगळं व्हायचं कुठं आलं तर तिथंच फाडा.

वाचायली. धंद्याचं नाव जावांची हळद. भागीदार दोघी. नफा बराबरीचा, तोटा बराबरीचा. मशीन दोघींचं. बँकेत खातं दोघींचं, एकीच्या सहीनं पैसा निघणार न्हाई. जावांची हळद हे नाव दोघींचं, एकटीला कुणाला इकता येणार न्हाई. एक आजारी पडली तर दुसरी काम बघंल आन तिचा हिस्सा तिला मिळंल. एखादी वर गेली तर तिचं ते तिच्या लेकरांला. दारात भावकी उभी, दादा उभा, सदा मिस्तरी ओळंबा खिशात घालून उभा. आत्याबाई मान हालवायल्या. आन मंग शोभाचा आवाज जरा थांबला. फुडचं कलम येगळं व्हायचंच व्हतं. तिला गाळता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पर न्हाई गाळलं तिनं. वाचलं, एखादीला भागीदारीतून बाहीर पडायचं असंल तर तिनं आधी तसं लिव्हून कळवावं, हिशोब असा व्हावा, मशीनचं तसं व्हावं.

आत्याबाईनं हात फुडं केला. म्हणल्या, दे हिकडं. हे काहून लिव्हलं?

शोभाची मान खाली. कागद आत्याबाईच्या हातात, दोन्ही मुठीत धरलेला. मला वाटलं फाडलाच. आन ताई, तवा मला कुठून सुचलं काय म्हाईत, मी म्हणलं, आत्याबाई, तुमच्या येळचा ष्टांप कवा आला व्हता? भांडणाच्या आधी का माघून? त्या म्हणल्या, माघून. भांडणावरच तर आला. मी म्हणलं, मंग तवा लिव्हणाऱ्याच्या डोक्यात राग व्हता ना? आमचा भांडणाच्या आधी आलाय. आत्ता आमी एकमेकीवर जीव टाकून राहिलो, तवर लिव्हून घेऊ द्या. राग आल्यावर लिव्हलं तर भिंतच लिव्हू की आमी.

चुलीवर दूध उतू गेलं तरी कुणी उठलं न्हाई. आत्याबाईनं कागद तसाच धरला. मंग म्हणल्या, आन भांडण झालं तर? कुणाकडं जायचं, कोर्टात?

शोभानं शेवटचं पान काढलं. म्हणली, हीच जागा मोकळी हाय, आत्याबाई. मॅडम म्हणली, भांडण झालं तर आधी लवादाकडं जायचं. लवाद म्हणजे दोघींला मान्य असलेलं मानूस, तो सांगंल ते ऐकायचं, कोर्टाची पायरीच चढायची न्हाई. दादाला वाटलं त्याचं नाव येणार, त्यानं मिशीवर हात फिरवला. भावकीतल्या आजानं खाकरून घसा साफ केला. शोभानं माझ्याकडं बघितलं, मी शोभाकडं बघितलं. यष्टीत कुणाचं नाव आधी म्हणून भांडलेल्या आमी दोघी, पर ह्याच्यावर एक शब्द बोलावा लागला न्हाई. मी म्हणलं, लिव्ह गं. सोनाबाई.

आत्याबाई म्हणल्या, चल, मला काय कळतं कायद्यातलं. मी म्हणलं, भांडणातलं तर कळतं? त्याच्यात तुमच्यावानी जाणती बाई पंचक्रोशीत न्हाई. सगळे हसले. दोघं भाऊबी हसले आन हसता हसता सरकत ओट्याच्या मधी आले. आत्याबाईनं डोळे पुसले, कंबरंला हात लावला, म्हणल्या, उठवा गं मला, पाय गेलेत मुंग्यांनी. दोघींनी दोन हात धरून उठवलं. उठल्या आन आधी पाट्याच्या पाया पडल्या. मंग ते उतू गेलेलं दूध राहिलं व्हतं तेवढ्याचा च्या करून समद्या भावकीला पाजला. दगडूबापूबी आला व्हता, माघं उभा राहून पिला.

मॅडमच्या हापिसात कागदावर सही करायला आत्याबाईला घेऊन गेलो. ठेवणीतलं लुगडं, कपाळावर ह्येवढं कुंकू. मॅडम म्हणली, आजी, तुमची सही लागत न्हाई, नुसतं नाव पुरतं. आत्याबाई म्हणल्या, मंग मी एवढ्या लांब काय तुझं तोंड बघायला आले? साक्षरतेच्या वर्गात सही शिकले, तवापासून कुणी घेतलीच न्हाई. मॅडमनं बिचारीनं, मला लवाद व्हणं मंजूर हाय, असं एक वाक्य खाली लिव्हलं आन तिथं सही घेतली. एक एक अक्षर पाट्यावर वाटण वाटल्यावानी केलं त्यांनी. आन शोभानं सही केली ना ताई, पुरं नाव, आधी बापाचं न्हाई, नवऱ्याचं न्हाई, सोताचं, शोभा. आन पेन खाली ठिवायलाच तयार न्हाई. मी म्हणलं, अगं ठिव, मलाबी करायचीय.

फूड लायसन आलं, नाव नोंदायला टाकलं, पाकिटं छापायची येळ आली आन लवादाकडं पहिला खटला गेला. मी म्हणलं पाकिटावर आमचे दोघींचे फोटो टाकू. शोभा म्हणली न्हाई, बाजारात पाकीट फाडून फेकतात, आपली तोंडं उकिरड्यावर पडतील. आत्याबाई बाजंवर बसल्या, चष्मा लावला, वाचायचं काही नव्हतं तरी लावला. दोघींचं ऐकलं. म्हणल्या, तोंडं नका छापू, हात छापा. बांगड्यांचे दोन हात, एक देणारा, एक घेणारा, मधी हळदीची वाटी. हे बघा पाकीट. हाय का न्हाई सुरेख? मला माघून उमगलं ते कुठले हात हायेत.

आता शेवटचं सांगते, मंग तुमी च्या घ्या, थंड झाला. धंदा वाढला तशी भरायला येगळी खोली लागायली, मशीनच्या धुळीत पाकीट भरू नका, लायसनवाले म्हणले. आन रिकामी खोली कुठं? भिंतीच्या पलीकडं, गयाबाईकडं. तिचा लेक शहरात, खोली कुलपात. शोभा म्हणली, भाड्यानं घेऊ, भाडेकरार करू. मी म्हणलं, लवाद तुमी, तुमीच जा बोलायला. त्यांचं तेच, बोलावल्याबिगर कसं जावं. माझं डोस्कं फिरलं. मी बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आन भिंतीवरून तोंड काढून वरडले, मोठ्या आत्याबाई, आमच्या आत्याबाईला बोलवा हो एकदा! तिकडून आवाज आला, तिला काय आवतण लागतंय? ये गं सोने, भाकर टाकायले.

आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या. भिंतीच्या पलीकडं जायला लग्नाला जायचं लुगडं! गयाबाईनं त्यांला बघितलं, उठल्या, आत गेल्या आन पितळी वाटी घेऊन आल्या. म्हणल्या, तुझी वाटी राहिली गं माझ्याकडं. रिकामी कशी द्यावी म्हणून ठिवली, आन भरल्यावर हात पुरंना. ताई, आमच्यात आलेली वाटी रिकामी परत देत न्हाईत, गूळ तरी घालतात, तांदूळ तरी. तेवढ्यासाठी ती वाटी एवढे साल तिथंच राहिली. दोघी रडल्या, आन रडून झाल्यावर बांधावरून पहिलं कोण बोललं ह्याच्यावर झक्कास भांडल्या. मी आन शोभा बघत बसलो, म्हणलं आता ह्यांचा लवाद कोण?

भाडेकराराचा ष्टांप आणला तवा गावात कुणी रडलं न्हाई, उलट दगडूबापूच इचारायला आला, पेढे कवा. आन सदा मिस्तरीला बोलावलं. म्हणलं, त्या दिवशी माप घ्यायला आला व्हतास ना, घे आता. भिंत घालायची न्हाई, फोडायची. गडी खुशीत आला. चौकट बसवली आन इचारलं, दार कसं करायचं, एका पल्ल्याचं का दोन? तर दोघी म्हाताऱ्या दोन बाजूंनी एकदमच म्हणल्या, दार कशाला?

तवापासून चौकट हाय, दार न्हाई. दिस कलला का दोघी चौकटीत बाज टाकून बसतात, एक पाय हिकडं, एक पाय तिकडं, आन आमाला म्हणतात, भांडा गं जरा, लवादाला काम न्हाई. मंग मी आन शोभा पाकिटाच्या टेपवरून, न्हाईतर च्यातल्या साखरंवरून भांडतो थोडं. कधी खरंच वाजतं, न्हाई असं न्हाई. आमी मानसंच हाव. पर निकाल लागला की जेवायला एकाच चुलीपाशी बसतो. देवाला म्हणते, ह्या दोघी अशाच चौकटीत बसू दे, आन त्यांच्या माघून आमी दोघी बसू.

निघालात? रस्त्यानं नका जाऊ, ह्या चौकटीतून जा, मोठ्या आत्याबाई बसल्यात, कुंकू लावल्याबिगर सोडणार न्हाईत. आन हे घ्या. पाकीट न्हाई, पाकीट तर कुणालाबी भेटतं. ही वाटी घ्या, आमच्या हळदीची. हळद तुमची, पर वाटी परत आणायची बरं का. तुमच्या लेकराबाळाचं भलं हो, औक्ष लाभो. आन वाटी रिकामी नका आणू.